बाईसाहेबांची चादरगाडी

त्या मोठ्या दुकानात साबणांच्या मांडणीपुढे एक चांगला उंचापुरा माणूस फरशीवर पालथा पडलेला दिसला, तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला चक्करबिक्कर आली असावी.

तसं काही नव्हतं. त्याच्यासमोर, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ, माझी पाच वर्षांची भाचीसुद्धा पालथी पडलेली होती. तिने सामानाची रिकामी ट्रॉली आडवी पाडली होती आणि तिचं एक चाक ती बोटाने गरगर फिरवत होती. या गृहस्थाने दुसरी ट्रॉली आडवी पाडून तोच उद्योग चालवला होता. ती जोरात फिरवे, तो जोरात फिरवे. ती थांबली की तो थांबे. मी टूथपेस्ट उचलायला जेमतेम पाठ वळवली होती, तेवढ्यात हा सगळा कारभार उभा राहिला होता.

"अहो, काय चाललंय हे?"

"जरा थांबा," तो वर न बघता म्हणाला. "आम्ही कामात आहोत."

"तुम्ही कोण?"

"या घडीला? दोन नंबरचं चाक."

आमच्या भाचीला घरात सगळे बाईसाहेब म्हणतात. डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगून दीड वर्ष झालं होतं. ती बोलत नाही. तिला काही हवं असलं की ती समोरच्याचं मनगट धरते आणि त्याचा हात त्या वस्तूकडे नेऊन टाकते. हात कोणाचा आहे, हे बघायच्या भानगडीत ती पडत नाही. नोकरचाकरांशी काय बोलायचं, असा एकंदर थाट. म्हणून बाईसाहेब.

दुकानात तिने असं काही सुरू केलं की लोक थांबून बघतात, आणि मी तिला उचलून पळ काढते. आज मात्र लोक तिच्याकडे बघतच नव्हते. सगळे त्याच्याकडे बघत होते. एवढा मोठा माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि फरशीवर लोळतोय. त्याने ते सगळं बघणं आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि माझी भाची त्याच्या आडोशाला निवांत खेळत होती.

तेवढ्यात तिने मान तिरकी करून त्याच्या चाकाकडे पाहिलं. एक बोट पुढे केलं, त्याचं फिरतं चाक थांबवलं आणि तशीच राहिली... त्याने पुन्हा चाक फिरवलं. ती खुदकन हसली.

दुकानाचा माणूस धावत आला. "साहेब, काही सांडलंय का?"

"नाही," तो म्हणाला. "जमलंय."

तिथेच मला तो आवडला. प्रेमात वगैरे नाही हं. नुसता आवडला.

उठताना त्याच्या शर्टाला पुढून सगळी साबणाची भुकटी लागली होती. ती झटकत त्याने सांगितलं की सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर मुलांचं खेळघर आहे, तिथे तो काम करतो. ज्या मुलांना बोलणं अवघड जातं, त्यांच्याशी खेळायचं आणि खेळता खेळता त्यांना सांगावंसं वाटेल असं काहीतरी घडवायचं.

"म्हणजे तुम्हाला खेळायचे पैसे मिळतात?"

"हरायचे मिळतात," तो म्हणाला. "खेळायला मी फुकटही येतो."

घरी आल्यावर ताईला सांगितलं. ताई म्हणजे बाईसाहेबांची आई, नर्स आहे. भावोजी जहाजावर असतात. मी त्यांच्याकडेच राहते, त्यामुळे बाईसाहेबांचा अर्धा दिवस माझ्या ताब्यात असतो. म्हणजे खरं तर मी त्यांच्या ताब्यात. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खेळघराबद्दल सांगतेयस की त्या माणसाबद्दल?"

"खेळघराबद्दल."

"मग शर्टाचा रंग कशाला सांगितलास?"

पुढच्याच आठवड्यापासून आम्ही जायला लागलो.

खोली मोठी गमतीची होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड निळी गादी, छताला टांगलेला कापडी झोका, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर पारदर्शक बरण्या. चेंडू, भोवरे, साबणाचे फुगे करायची बाटली, सगळं डोळ्यांना दिसायचं. झाकणं मात्र इतकी घट्ट, की मोठ्या माणसाचीही दमछाक व्हावी.

"मुद्दाम," तो म्हणाला. "वस्तू मिळवायला माणूस लागला पाहिजे. आज तुम्ही दोघी खेळा, मी नुसता बघतो."

बाईसाहेब फळीखाली जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या टाचा उचलल्या जायच्या आत मी फुग्यांची बाटली काढली, झाकण उघडलं, फुगे उडवले. त्यांनी कानांकडे हात नेला, तोवर मी पंखा बंद करून आले होते. त्यांनी झोक्याकडे पाऊल टाकलं, तोवर मी झोका धरून उभी होते. माझं मलाच कौतुक वाटत होतं.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही फार हुशार आहात."

त्या खेळघराची रीतच होती, मुलाशी जे नातं तेच सगळ्यांच्या तोंडी. कोणी आई, कोणी आजोबा. पण सत्ताविसाव्या वर्षी, तिशी उलटलेल्या चांगल्या दिसणाऱ्या माणसाने आपल्याला मावशी म्हणावं... लागतं हो मनाला.

"थँक्यू," मी म्हटलं.

"कौतुक नाही करत. तक्रार आहे."

तक्रार म्हटल्यावर माझे कान टवकारले गेले, कारण पोटापाण्यासाठी मी तेच करते. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. समोरचा "अहो, ते मशीन ना..." एवढं म्हणेपर्यंत मी सांगून मोकळी होते की मागचा पाइप दुमडला असेल, सरळ करा. आणि बहुतेक वेळा पाइपच दुमडलेला असतो.

"तिला काय हवंय ते तुम्हाला तिच्याही आधी कळतं," तो म्हणाला. "मग तिने सांगायचं कशासाठी? जरा बावळट व्हा."

"ते मला कसं जमणार?"

"सरावाने जमतं. मला बघा ना. एवढा बावळट मी जन्मापासून नव्हतो."

"मेहनत दिसते तुमची," मी म्हटलं.

तो हसला, आणि मी उगाचच बरण्यांकडे बघायला लागले.

मग त्याने आम्हाला चादरगाडी शिकवली. गादीवर एक जाड चादर पसरायची, मधोमध बाईसाहेबांना बसवायचं, पुढची दोन टोकं धरायची आणि इंजिनाचा आवाज काढत खोलीभर ओढत न्यायचं. बाईसाहेब खूश. पण अगदी रंगात आलेली गाडी तो मध्येच थांबवायचा. टोकं हातात धरून नुसता बसून राहायचा.

"अजून हवंय का गं? अजून?" मी लगेच म्हटलं.

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

खोली शांत. खाली सायकलवाल्याचा हातोडा तेवढा ऐकू येत होता. माझ्या जिभेला अक्षरशः मुंग्या आल्या. मला वाटलं, आता ती उठून जाणार, सगळं फिसकटणार... आणि बाईसाहेबांची पाठ एवढीशी पुढे हलली. त्याच क्षणी त्याने गाडी ओढली.

"'चल' म्हणाली," तो धापा टाकत म्हणाला.

"कुठे म्हणाली?"

"पाठीने म्हणाली की. आपण ऐकलं."

असं ऐकणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो तिची हनुवटी धरून कधी "माझ्याकडे बघ" म्हणाला नाही. इंजिनाच्या आवाजाने तिने कान झाकले, तर त्या दिवशी गाडी बिनआवाजाची. तिने त्याचा खेळ मोडून भोवरा घेतला, तर हा मुकाट्याने भोवऱ्याच्या मागे. लहान मुलीचं म्हणणं तो असं मानायचा, जसं माणसं मोठ्या अधिकाऱ्याचं मानतात. हळूहळू पाठीच्या जागी चादरीवर थाप आली. मग एक दिवस थापेबरोबर आवाज आला... "अं." ताईला मी तो "अं" फोनवर करून दाखवला, तर ती वॉर्डात उभ्या उभ्या रडली.

आणि मी? आठवड्याचा तो दिवस आला की माझी ओढणी बदलायची. ताईला दिसायचं. ती फक्त भुवई वर करायची.

एकदा बाईसाहेब झोक्यात पडून छताकडे बघत होत्या. आम्ही दोघं गादीवर बसून होतो.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तिला मी हवी असते... की नुसता माझा हात?"

त्याने घाईने उत्तर दिलं नाही. तो कधीच देत नाही.

"तिने बोलावंच असा माझा हट्ट नाही," मी पुढे म्हटलं. "पण एकदा तरी... बाटली उघडायला नाही, दार लावायला नाही... नुसतं तिला वाटावं, ही हवी." एवढं बोलून मी ओढणीने डोळे टिपले. हे मी ताईलाही कधी सांगितलं नव्हतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? ते तीच सांगेल. पण डोळ्यांत बघितलं तरच माणूस हवा असतो, असं काही नाही. मीसुद्धा महत्त्वाचं बोलताना बुटांकडे बघतो."

"तुमच्या पायात बूट नाहीत."

"म्हणून तर पंचाईत झालीय," तो मोज्यांकडे बघत म्हणाला. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्याने तो हळूच दुसऱ्या पायाखाली लपवला, आणि मी रडायचं विसरले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खोलीत एक नवीन बाई येऊन बसायला लागल्या. लांब वेणी, गोड आवाज, आणि वयाने माझ्याहून लहान. आधी नुसत्या कोपऱ्यात असायच्या. मग फुगे उडवायला लागल्या. मग चादरीचं एक टोक त्यांच्या हातात आलं. दोघं मिळून गाडी ओढायची आणि थांबली की एकमेकांकडे बघून हसायची. मी आपली भिंतीला टेकून बावळटपणाचा सराव करत बसायचे. त्या दिवसांत तो मला चांगलाच जमायला लागला होता.

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. बाईसाहेब सायकलवाल्याने टांगलेलं चाक बघत उभ्या होत्या. तो जिना उतरून आला आणि माझ्याशेजारी, पत्र्याच्या आडोशाला थांबला.

"मला... गेले काही दिवस... तुमच्याकडे एक..."

"छत्री हवीय?" मी म्हटलं आणि छत्री पुढे केली.

तो छत्रीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "...हो. छत्री."

आणि ती घेऊन निघाला. कोपऱ्यापर्यंत भिजत गेला, तरी ती उघडली नाही. आम्ही मावशी-भाची घरी पोचेपर्यंत चिंब झालो, आणि ताईने मला विचारलं की तुझी छत्री नक्की कोणाच्या डोक्यावर आहे.

पुढच्या वेळी खेळ संपल्यावर त्याने मला थांबवलं.

"पुढच्या आठवड्यापासून बाईसाहेबांबरोबर मी नसेन. नवीन बाई असतील. कारण मला..."

"दुसरी नोकरी मिळाली."

"नाही, तसं नाही. मला तुमच्या..."

"आमच्या वेळा जमत नाहीत. कळलं." मी बाईसाहेबांच्या बुटांचे पट्टे लावायला खाली वाकले, म्हणजे माझा चेहरा दिसणार नाही. "एवढ्या दिवसांत तिने घराबाहेरच्या एकाच माणसाला जवळ येऊ दिलं. तोही चालला. असू दे. आम्हाला सवय आहे."

"ऐका तरी..."

मी ऐकलं नाही. बाईसाहेबांचं बोट धरून जिना उतरले. वर तो दारात उभा होता. त्याचं वाक्य तसंच अर्धं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. रात्रपाळी करून आलेली ताई आतल्या खोलीत झोपली होती. मी बाहेर पलंगाला टेकून जमिनीवर बसले आणि आवाज न करता रडून घेतलं. त्या माणसासाठी रडत होते की बाईसाहेबांसाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही असेल. बाईसाहेब भिंतीवरून बोट फिरवत खोलीला फेऱ्या घालत होत्या. त्यांना काय हवंय, काय नको, याकडे माझं लक्षच नव्हतं. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

बऱ्याच वेळाने माझ्या पायावर काहीतरी पडलं. पलंगावरची चादर. बाईसाहेबांनी ती ओढून खाली आणली होती आणि आता जमिनीवर पसरत होत्या, वेडीवाकडी. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

आता माझा हात चादरीच्या टोकावर पडणार, हे मला ठाऊक होतं. गाडी ओढायला मी लागणारच. पण हात टोकावर पडला नाही. त्यांनी मला ओढून चादरीच्या मधोमध आणलं आणि तिथे थाप मारली. जिथे त्या स्वतः बसतात, तिथे.

मला वाटलं, चुकलं असेल. त्यांनी पुन्हा थाप मारली. आणि तिथेच उभ्या राहिल्या. थांबून.

"मी बसू का गं?" माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं आणि जाऊन बसले.

पाच वर्षांच्या मुलीने दोन्ही टोकं मुठीत धरली आणि सगळा जीव लावून ओढलं. गाडी तसूभर हलली नाही. टोकं सुटली, बाईसाहेब धपकन मागे बसल्या. उठल्या, पुन्हा टोकं धरली. आणि ओढायच्या आधी थांबल्या. चेहरा खिडकीकडे, पण कान माझ्याकडे. माझी वाट बघत होत्या.

मी पाठ एवढीशी पुढे हलवली.

त्यांनी ओढलं, मी गुपचूप टाचांनी जमिनीला रेटा दिला, आणि गाडी सुटली. बाईसाहेब किंचाळून हसल्या. आवाजाने ताई उठून दारात आली आणि तिथेच थबकली.

"अगं, ती तुला..."

"हो," मी म्हटलं. "मी गाडीत बसलेय."

माझ्या हातांना त्या खेळात काहीच काम नव्हतं. ते माझ्या मांडीवर नुसते पडून होते. तिला मी हवी होते. ताई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघून वेड्यासारख्या हसायला लागलो. डोळे वाहत होतेच. बाईसाहेबांना मात्र आमच्यासाठी वेळ नव्हता. त्यांना पुढची फेरी मारायची होती.

खेळघराच्या दिवशी मी ताईला म्हटलं, "आज तू तिला घेऊन ये, मी पुढे जाते." ताईने भुवई वर केली. मी ओढणी बदलली.

तो गादीवर एकटाच बसून बरण्यांची झाकणं आवळत होता. मी समोर बसले आणि चादरगाडीची सगळी हकीकत सांगितली. थाप, थांबणं, माझं गिळलेलं वाक्य, सगळं. ऐकता ऐकता त्याच्या हातातली बरणी बाजूला राहिली आणि तो सरळ गादीवर आडवा झाला, दोन्ही हात तोंडावर घेऊन. उठला तेव्हा डोळे लाल होते.

"तिने गाडी थांबवली," तो म्हणाला. "तुमच्यासाठी. अहो, आम्ही इथे वर्षानुवर्षं ज्याची वाट बघतो ना..."

त्या क्षणी मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं, की त्याची नोकरी कुठेही असती तरी चाललं असतं.

"मागच्या वेळी तुमचं एक वाक्य राहिलं," मी म्हटलं. "सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. माझ्याकडे त्याच्या वाक्याचे चार-पाच शेवट तयार होते. एकही तोंडाबाहेर पडू दिला नाही.

"मला दुसरी नोकरी मिळालेली नाही," तो म्हणाला. "मी इथेच आहे. नवीन बाईंना मीच बोलावलं. मुलांना एकदम दुसऱ्याच्या हाती दिलं तर घाबरतात, म्हणून आधीपासून, हळूहळू..." तो थांबला. मीही थांबले. "मागच्या महिन्यात, त्या यायच्या आधी, बाईसाहेबांनी चादरीवर थाप मारली... आणि मला कळलंच नाही. तिला ती पुन्हा मारावी लागली. मी तुमच्याकडे बघत होतो. तिच्या वेळातला निम्मा वेळ मी तुमच्याकडेच बघत असतो. तो वेळ तिचा आहे. ती एवढ्या कष्टाने काहीतरी सांगणार आणि मला ऐकूच येणार नाही... हे मला चालणार नाही. आणि तुमच्याकडे बघायचं काही थांबत नाही. म्हणून म्हटलं, मी बाजूला व्हावं."

मी ओठ घट्ट मिटून बसले होते.

"झालं?" शेवटी मी विचारलं.

"नाही." त्याने मान वर केली. "मी तुमच्या प्रेमात पडलोय. आता झालं."

"तिचा वेळ तिला देऊन टाका," मी म्हटलं. "माझा रविवार मोकळा असतो. सगळाच्या सगळा. त्यात बघा हवं तितकं."

"आणि तुम्ही?"

"मलाही बघायचंय. इतके महिने मी बाईसाहेबांकडे बघतेय, असं नुसतं दाखवत होते."

तो हसायला लागला. हात पुढे करावा की नाही, याचा त्याने थोडा विचार केला, आणि मी वाट बघितली, आणि त्याने केला. जिन्यावर ताईची चाहूल लागली. बाईसाहेब वर आल्या होत्या, मागोमाग नवीन बाई. आम्ही दोघं उठलो आणि त्यांची खोली त्यांना मोकळी करून दिली.